चुळीचं पाणी

"चूळ भर."

काकू एवढंच म्हणाल्या. पुढ्यात लोखंडी घमेलं. काळंभोर, आतून तेलाचा हात फिरवून पुसलेलं. शेजारी पाण्याची बादली आणि तांब्या. संध्याकाळचे पाच वाजलेले. रांग शेडच्या दारापासून पार आतल्या भट्टीपर्यंत गेलेली. वीसेक बायका आणि त्यांच्यात मी. दहा वर्षांची. मे महिन्याची सुट्टी म्हणून आईबरोबर काजू सोलायला आलेली.

हा रोजचा नियम होता. शेडमधून बाहेर पडताना प्रत्येकीने चूळ भरायची आणि ती त्या घमेल्यात टाकायची. काकू, शेडच्या मालकीण, स्टुलावर बसून पाण्यात बघायच्या. काळ्यावर पांढरं लगेच दिसतं. खाल्लेल्या काजूचा कण दातांच्या फटीत कुठेतरी राहतो आणि चुळीबरोबर बाहेर पडतोच, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. त्याचं त्यांना भारी कौतुक. घरी पाहुणे आले की बाग दाखवायच्या, शेड दाखवायच्या आणि शेवटी घमेलं दाखवायच्या. पाहुणे हसायचे. आम्ही खाली मान घालून सोलत असायचो.

मी चूळ भरली. टाकली. पाण्यावर चार-पाच पांढरे कण फिरायला लागले.

मी खाल्ला होता. अख्खा नाही, एक पाकळी. दुपारी सोलताना ती माझ्या बोटांतून निसटून मांडीवर पडली आणि मी ती तोंडात टाकली. दिवसभर ज्या वस्तूला हात लावायचा, जिचा वास नाकात भरलेला, ती जिभेवर ठेवून बघावीशी वाटली. दहा वर्षांच्या पोरीला वाटणारच. त्यात मला आजही काही गैर वाटत नाही.

काकूंनी घमेल्यात बोट घातलं. एक कण टिपला. उजेडाकडे धरून बघितला.

"कुणाची गो ही?"

आई पुढे झाली. "माझी, काकू."

"तुमच्या पोरांची तोंडं जन्मल्यापासून चालूच. ये इकडे. पायरीवर उभी राहा. आ कर. मिटायचं नाही."

मी आ केला. आई म्हणाली, "काकू, मीच दिलेला तिला."

आईने दिला नव्हता. काकूंनाही ते कळलं असणार. पण त्या म्हणाल्या, "मग तूपण आ कर."

आम्ही दोघी शेडच्या पायरीवर आ करून उभ्या राहिलो. आई आणि मी. शेजारी शेजारी. उरलेल्या बायकांच्या चुळा होईपर्यंत. जबडा दुखायला लागला. लाळ हनुवटीवरून फ्रॉकवर आली. बायका आमच्यासमोरून एकेक करून गेल्या. एकीनेही वर बघितलं नाही. काकूंचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. तो मोटरसायकल पुसत होता. त्याने मात्र बघितलं. म्हणाला, "आई, दात मोजायचेत काय?" आणि हसला.

आईच्या तोंडात तेव्हा सगळे दात होते. मी तिरक्या डोळ्याने ते बघत होते. आईला असं उघड्या तोंडाने मी कधी पाहिलं नव्हतं. ती हसतानाही पदर लावायची. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

घरी जाताना आई माझ्यासाठी थांबली नाही. पाणंदीतनं पुढे पुढे चालत राहिली. हातखंब्याच्या अलीकडे काकूंची बाग, तिच्या खालच्या अंगाला आमची वाडी. बाप मुंबईला एका हॉटेलात कामाला. वाडीतल्या प्रत्येक घराचा काकूंच्या घराशी काही ना काही संबंध. कुणाची जमीन त्यांची, कुणाचं काम त्यांच्याकडे. भांडायला जाणार कुणाकडे?

मला वाटलं, आता मार पडणार. आईने चूल पेटवली. भात टाकला, नेहमीच्या दुप्पट. पूजेसाठी ठेवलेला नारळ फोडला. कपाटातला गूळ काढला. गरम भातावर खोबरं आणि गूळ घालून ताट माझ्यापुढे सरकवलं.

"खा."

मी खाल्लं. ताट रिकामं झालं की तिने परत भरलं. "खा. पोट फुटंस्तोवर खा. दुसऱ्याच्या दारातलं खावंसं वाटता नये." मी रडत होते आणि खात होते. नाकातलं पाणी भातात पडत होतं. पोट तट्ट फुगलं. आणि काय सांगू, बरं वाटलं. पायरीवरचं सगळं खाली खाली गेलं. जबड्याचं दुखणं गेलं. त्या पोराचं हसू गेलं. जगात फक्त गूळ-भात राहिला. आई माझ्या पाठीवरून तिचे काळे हात फिरवत होती. काजूच्या टरफलातलं तेल लागून ते कायमचे काळे झालेले, कातडी सोललेली.

ताट उचलताना ती हळूच म्हणाली, "परत कधी खाल्लंस, तर चावू नको. गीळ. चावलेलं चुळीत येतं."

तिला हे कसं ठाऊक, हे मी तेव्हा विचारलं नाही. सांगितलं तसं केलं. पुढची तीस वर्षं केलं.

मी शिकले. बारावीनंतर टायपिंग, मग रत्नागिरी शहरात एका शाळेत लिपिक म्हणून लागले. लग्न झालं. नवरा मुंबईत, शिमग्याला आणि गणपतीला येतो. एक लेक. वाडीतली पोर शाळेच्या ऑफिसात खुर्चीवर बसली म्हणून लोकांनी कौतुक केलं. माझं अक्षर चांगलं, त्यामुळे शाळेचे सगळे दाखले, निमंत्रणं मीच लिहायची.

आणि मी खायची.

जेवण नव्हे. जेवण सगळ्यांसमोर चारचौघींसारखंच. हे दुसरं. शाळा सुटली की साडेचारला घरी यायची. लेक क्लासला. दार लावायचं, कडी घालायची. खुर्चीवर बसायचं नाही, ताट घ्यायचं नाही. ओट्याशी उभं राहून डब्यातनं सरळ तोंडात. खारी. नानकटाई. फरसाण. ते संपलं की सकाळचा थंडगार भात. तेही नसलं तर साखर. भूक नसायचीच. हात तोंडाशी जात राहायचा आणि डोकं बंद पडायचं. डोकं बंद पडावं म्हणूनच ते चाललेलं असायचं. मग बेसिनपाशी जाऊन खळाखळा चूळ भरायची. एकदा, दोनदा, तीनदा. पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग दाराची कडी काढायची. लेक आली की आम्ही चहा प्यायचो आणि मी म्हणायची, मला काही नको, भूक नाही.

वजन वाढलं. शुगर काठावर आली. डॉक्टर रिपोर्टवरून नजर न काढता म्हणाले, "बाई, तोंडावर ताबा ठेवा. खादाडपणा बरा नाही." शेजारी कंपाउंडर उभा होता. तो हसला. मी दवाखान्यातून निघाले ती सरळ बेकरीत गेले. रिक्षात बसल्या बसल्या अर्धा किलो खारी संपवली. डॉक्टरांचं औषध माझ्या अंगी असं लागलं.

नवऱ्याचा फोन यायचा. "अजून बारीक नाही झालीस?" फोन ठेवला की फरसाण. मुख्याध्यापिका बाई पालकांसमोर म्हणायच्या, "यांना प्रत्येक गोष्ट दोनदा समजावून सांगावी लागते." घरी आलं की भात. मला वाटायचं, आपल्यातच खोट आहे. आपण हावरट. जन्मल्यापासून तोंड चालूच. काकूंचं वाक्य मी तीस वर्षं स्वतःला म्हणत होते आणि वाक्य त्यांचं आहे हेही विसरले होते.

आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा समुपदेशनाला एक मुलगी यायची. चिपळूणची. पंचविशीतली असेल. मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर डबा खायला बसली. तिची पहिली पोळी व्हायची होती तोवर माझा डबा संपला.

"ताई, रागावू नका," ती म्हणाली. "तुम्ही चावतच नाही."

मी रागावले. मनात म्हटलं, आली शहाणी. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढच्या आठवड्यात मीच तिच्या खोलीत गेले, दार लावलं आणि ओट्याजवळचं सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. ती दचकली नाही, हसली नाही. काय खाऊ नका, तेही सांगितलं नाही. तिने विचारलं, "ही भूक पोटात असते की घशात?"

मी विचार केला. घशात.

"पोटातली भूक हळूहळू वाढते. काहीही खाल्लं तरी भागते. ही एकदम येते आणि पोट भरलं तरी जात नाही. असंच ना? मग किती खाल्लं ते लिहू नका. खाण्याच्या आधी काय झालं, फक्त ते लिहा."

लिहायचं काम मला नवीन नाही. महिनाभर लिहिलं. मग एक दिवस ऑफिसात बसून सगळं सलग वाचलं. एकाही पानावर भूक नव्हती. सगळ्या पानांवर माणसं होती. कुणीतरी काहीतरी बोललेलं. मी गप्प बसलेली. उत्तर घशापर्यंत आलेलं आणि मी त्यावर खारी लोटलेली. प्रत्येक पानावर तेच. मी खादाड नव्हते. मी उत्तरं गिळत होते.

हे कळलं म्हणजे सुटले, असं नाही. कळल्यावर जे केलं ते त्याहून वाईट होतं. ते सांगितलं नाही तर हे सगळं खोटं होईल.

लेक आमच्याच शाळेत, सातवीत. शाळेतल्या तपासणीत तिचं वजन जास्त निघालं. तिच्या वर्गाच्या बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आईवर गेलीय." मला ते ऑफिसात कळलं. त्या दिवशी घरी आले तर बिस्किटांचा नवा डबा अर्धा झालेला. लेक पुस्तक घेऊन बसलेली. ओठ ओले.

"खाल्लीस?"

"नाही."

"तोंड उघड."

तिने उघडलं. मी तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. मग तिला दंडाला धरून बेसिनपाशी नेलं.

"चूळ भर."

तिने चूळ भरली. पांढऱ्या बेसिनमध्ये चॉकलेटी चुरा पसरला. मी त्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे गो?"

तिने वर बघितलं. तोंड अजून उघडंच होतं, मिट म्हणून मी सांगितलं नव्हतं ना. हनुवटीवरून पाणी गळून युनिफॉर्मवर पडत होतं. आणि माझं बोट बेसिनमध्ये. तेच बोट. तोच हुकूम. 'गो'सुद्धा तोच.

मी तिथेच फरशीवर बसले. लेक घाबरली. "आई, परत नाही खाणार. आई, सॉरी." ती माझी माफी मागत होती! मी तिचं तोंड पदराने पुसलं आणि तिला पायरीवरची सगळी गोष्ट सांगितली. ऐकून ती इतकंच म्हणाली, "मग त्या काकूंना कुणी काहीच नाही केलं?"

नाही केलं. शेड मोठी झाली. काकूंच्या मुलाने मिरजोळ्याला कारखाना टाकला. काकू आमच्या शाळेच्या संस्थेवर गेल्या. मला त्या ओळखायच्या नाहीत. त्यांच्यासमोरून मी शेकडो वेळा फायली घेऊन गेले असेन. वाडीतल्या पोरी तोंडाने लक्षात राहत नसतील.

तेवढ्यात शाळेत सत्काराचं ठरलं. काकूंनी नव्या सभागृहाला देणगी दिली होती. सत्कार कशाबद्दल? 'ग्रामीण महिलांना सन्मानाचा रोजगार दिल्याबद्दल.' आणि मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून सांगितलं, "मानपत्र तुम्ही लिहायचं. वाचायचंही तुम्हीच. अक्षर आणि आवाज दोन्ही बरे आहेत तुमचे."

मी हो म्हटलं. त्या दिवशी घरी जाऊन मी काही खाल्लं नाही. हे मुद्दाम सांगते. घशात काहीच आलं नाही.

सत्काराला जुन्या कामगार बायकाही बोलावल्या होत्या. कारखान्याचा टेम्पो वाडीवर गेला. दहा जणी आल्या, त्यांत माझी आई. त्यांना सगळ्यात मागे बसवलं. शेवटी प्रत्येकीला स्टीलचा डबा मिळायचा होता. कारखान्यातल्या पाच-सहा तरुण मुलीही आणल्या होत्या, एकसारख्या साड्या नेसवून. आईला मी आधी काही बोलले नव्हते. ती नवं लुगडं नेसून खुश होती. मला म्हणाली, "इतकं बोलवलांनी तर नको म्हणून कसं चालंल?"

मंचावर टेबलं, त्यावर पांढरी चादर, पाहुण्यांपुढे काजूच्या बशा. पाण्याचे ग्लास. काकू मध्यभागी. आता ऐंशीच्या घरातल्या. शेजारी त्यांचा मुलगा, टक्कल पडलेला. भाषणं चालू असताना काकू एकेक काजू तोंडात टाकत होत्या. सावकाश. चावून चावून. मी माईकशेजारी उभी राहून त्यांचा जबडा बघत होते.

मी मानपत्र उघडलं. पहिल्या चार ओळी लिहिल्याप्रमाणे वाचल्या. मग कागदाची घडी घातली.

म्हटलं, "सन्मानाच्या रोजगारातली एक गोष्ट लिहायची राहिली." आणि सांगितलं. घमेलं. चूळ. बोट. पायरी. दोन उघडी तोंडं. दात मोजायचेत काय. जसंच्या तसं, एकही शब्द न वाढवता. शेवटी मी काकूंसमोरचा पाण्याचा ग्लास उचलून त्यांच्या हाताशी ठेवला. संपत आलेली एक बशी रिकामी करून त्यांच्यापुढे सरकवली.

"काकू, एक चूळ भरता?"

त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला. मला तेवढंच हवं होतं. तीस वर्षं मला तो हात तोंडावर गेलेला बघायचा होता आणि मी तो बघितला. पोटभर बघितला.

मुलगा उठला. माईक ओढायला लागला. मी सोडला नाही. काकूंनी त्याला थांबवलं. वयाने वाकलेल्या, पण आवाज तोच.

"चोरी पकडली म्हणून एवढा राग होय? खाल्ला होतास की नव्हता?"

"खाल्ला होता. एक पाकळी."

"मग झालं तर!" त्या सभागृहाकडे बघून म्हणाल्या. काही लोक हसले. मागून टाळी वाजते की काय असं वाटलं. मी काही बोलणार, तोच शेवटच्या रांगेतून आवाज आला.

"तिनं एकच खाल्लान."

माझी आई उभी राहिली होती. पदर खोचलेला.

"मी रोज खायची."

काकू म्हणाल्या, "काय?"

"रोज. त्या शेडात हुती तवर रोज. तुमी तिकडं तोंड केलात की तोंडात टाकायचा. अख्खा. नि गिळायचा. चावायचा नाय. चावलेला चुळीत येतो, गिळलेला खंचा येतोय? काय सापडलं तुमाला त्या घमेल्यात? पाणी!"

कुणी हसलं नाही. आई एवढं कधी बोललेली मी ऐकली नव्हती.

"नि भुकेनं नाय हां खाल्ला. घरात पेज हुती. तुमचा राग यायचा म्हणून खायची."

तिच्या शेजारची बाई उठली. "मीपण." पलीकडची उठली. "आमी समद्याच." मग त्या हसायला लागल्या. दहा म्हाताऱ्या, तोंडाला पदर न लावता. इतकी वर्षं एकमेकींनाही न सांगितलेली गोष्ट त्यांना त्या दिवशी तिथे कळत होती. काकू बघत राहिल्या. आपण शोधून काढलेल्या युक्तीचं त्यांना किती कौतुक होतं! तीच युक्ती रोज पाच वाजता त्यांना फसवत होती. मुलगा त्यांना उठवायला लागला तर त्यांना चटकन उठता येईना. मला कीव आली नाही. खोटं कशाला सांगू? मला आनंद झाला.

स्टीलचे डबे टेबलाखालीच राहिले. परतीला टेम्पो मिळाला नाही. बायकांना एसटीत बसवून आईला मी रिक्षात घेतलं. वाटेत विचारलं, "आये, काजू लागतो तरी कसा गो?"

ती बाहेर बघत होती. म्हणाली, "मला काय ठाव? गिळलेल्याला चव असती काय?"

इतकी वर्षं रोज खाल्लेली वस्तू, आणि ती कशी लागते ते हिला ठाऊक नाही. घशात अडकायचा म्हणे. पाणी प्यायला उठलं तर संशय येईल म्हणून तशीच बसायची, डोळ्यांतून पाणी काढत. आणि मलाही तिने तेच दिलं. दुसरं द्यायला तिच्याकडे होतं काय? मी ओट्याशी उभी राहून जे करत होते ते आईचंच होतं. राग आला की गीळ. चावू नको. कुणाला दिसता नये. त्या राहिलेल्या चवीचा हिशेब मी कुणाकडे मागू, तर एकाच घराकडे.

दुसऱ्या दिवशी शाळेत नोटीस. 'संस्थेच्या सन्माननीय सदस्यांचा जाहीर अपमान केल्याबद्दल आठ दिवसांत लेखी माफी सादर करावी, अन्यथा सेवेबाबत योग्य ती कारवाई करण्यात येईल.' बाईंनी दार लावून समजावलं, "दोन ओळी लिहून टाका. त्या वयस्कर आहेत. जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?"

जुन्या म्हणे. सत्काराला आणलेल्या त्या तरुण मुलींपैकी एक त्याच दिवशी माझ्यामागे जिन्यापर्यंत आली होती. एकसारख्या साडीतली, एकोणीस-वीस वर्षांची. इकडे तिकडे बघत म्हणाली, "ताई, आमच्याकडं अजून हाय. घमेलं नाय आता. सुपरवायझर गेटवर मोबाईलची बॅटरी मारतो. आ करायला लावतो. जिभेखाली बघतो."

मोबाईलची बॅटरी. प्रगती आहे.

माझं खाणं सुटलेलं नाही. नोटीस आली त्या दिवशी मी परत ओट्याशी गेले होते. खारीचा पुडा फोडला होता. पण मग दाराची कडी काढली, दार सताड उघडलं, ताट घेतलं, खुर्चीवर बसले. लेक आली तेव्हा मी खात होते. तिलाही ताट दिलं. आम्ही दोघी चावून खाल्लं, आवाज करत. मी चूळ भरली नाही. आज जमलं, उद्या जमेलच असं नाही. पण तिचं तोंड मी पुन्हा कधी उघडायला लावणार नाही. माझं तोंडही कुणाला दाखवायला उघडणार नाही.

नोटिशीला उत्तर दिलंय. माझ्या चांगल्या अक्षरात. 'मी एक पाकळी खाल्ली होती. माझी आई रोज खात होती. आम्ही माफी मागणार नाही. माफी त्यांनी मागायची आहे, हातखंब्याच्या त्याच शेडच्या पायरीवर उभं राहून, त्या दहा बायकांसमोर.' खाली सही. नोकरी गेली तर जाईल. त्या लोकांनी माझ्याकडून याहून जास्त आधीच नेलेलं आहे.

आणि येत्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता, कारखाना सुटताना, आम्ही मिरजोळ्याच्या त्या गेटवर उभ्या राहणार आहोत. वाडीतल्या दहा जणी, मी आणि माझी लेक. काजू बाजारातून विकत आणले आहेत, अख्खे, पहिल्या प्रतीचे. गेटसमोर उभं राहून आम्ही ते खाणार आहोत. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातावर ठेवणार आहोत. सुपरवायझरने बॅटरी मारावी. काकूंच्या मुलाने यावं, दात मोजावेत.

काल आईला एक काजू देऊन बघितला. तिने तो बराच वेळ तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि काढून हातावर ठेवला. तिला आता खालचे दोनच दात आहेत.

"मला नाय चावत," ती म्हणाली. "तू चाव."

सोमवारी तिच्या वाटचेही मीच चावणार आहे.